चाकणचे वाढून मेलेले टोमॅटो

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चाकणहून अक्काचा निरोप आला, "टोमॅटोला काय झालंय कळंना, येऊन जा." मी पुण्यात बियाण्यांच्या दुकानात कामाला, त्यामुळे तिच्या लेखी पिकांचा डॉक्टरच. रविवारी सकाळी शिवाजीनगरहून एसटी धरली.

तिकीट काही आण्यांचं, धूळ मात्र फुकट. भोसरी, मोशी, मग इंद्रायणीचा पूल. दोन्हीकडे नुसती शेतं. आज त्या रस्त्यानं जाणार असाल तर कारखान्यांच्या शिफ्ट सुटायच्या आत निघा.

टोमॅटो पाहून मी चक्रावलो. पानं पिळलेली, देठ सुजलेले, शेंडे वाकडे. कीड कुठेच नाही.

"शेजारच्या उस्माननं माझा फवारणीचा पंप नेला हुता, ज्वारीतलं तण मारायला," दाजी म्हणाले. "परत आला, त्यानंच मी अळीचं औषध मारलं. त्यानं मुद्दाम कायतरी घातलं. आता त्याच्या विहिरीचं पाणी आपल्याला नको."

"पाण्याबिगर काय पिकवणार?" अक्का रडवेली झाली.

"तणाचंच औषध पंपात राहिलं असेल," मी म्हटलं.

"मग त्याची ज्वारी कशी टवटवीत?"

तेवढ्यात अक्कानं जेवायला वाढलं. अक्काचं पिठलं झकास होतं, पण कुणी धड जेवलं नाही. मग दाजींना घेऊन बांध ओलांडून उस्मानभाईंकडे गेलो.

ज्वारी खरंच ताठ उभी होती. तिच्या बुडाशी रुंद पानांचं तण मात्र टोमॅटोसारखंच पिळवटलेलं.

"हे वाढीचं औषध हाय म्हनं," उस्मानभाई म्हणाले. "रुंद पानाचं झाड वाढून वाढून मरतं, ज्वारीला धक्का न्हाई."

"वाढून कसं मरेल?"

"मलाबी न्हाई कळलं, राव."

"पंप धुतला होता?"

"राख-चिंचेनं घासला. दुसऱ्याचं भांडं तसंच परत देत्यात व्हय?"

दाजींनी पंप आणून दट्ट्या उघडला. बाहेरून पितळ लखलखत होतं, आतल्या चामड्याच्या चकतीत मात्र औषध मुरलेलं, उग्र वास मारणारं. उस्मानभाई खाली बसून ते चामडं मातीनं घासू लागले.

दाजींनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाले, "ऊठ. रोपं उपटायची हायत, एकट्यानं व्हायचं न्हाई."

रात्री पुण्यात घरी बायकोनं विचारलं, "म्हणजे ते औषध चांगलं की वाईट?" मी तिला दाजींचंच सांगितलं. वाढवणारी वस्तू मारते कशी, हे दाजींनाही कळलं नव्हतंच. तरी संध्याकाळी मी निघालो तेव्हा दोघं मिळून मेलेली रोपं उपटत होते, आणि दाजी उस्मानभाईंना विचारत होते, "नव्या रोपांना पानी कवा सोडशील?"