बॅटरीतलं पाणी

म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, त्या सुमारास मांजरेकाठच्या आमच्या गावाला मोटारीची नाव मिळाली आणि ती चालवायची नोकरी मला. बौद्धवाड्यातल्या पोराला सरकारी काम, हे पुष्कळांच्या डोळ्यांत सलत होतं. सलू दे म्हटलं! मोटार बॅटरीवर सुरू व्हायची. आतलं पाणी आटलं की भालकीहून बाटलीतलं शुद्ध पाणी आणून मीच भरायचो.

गावात वीज नव्हती, म्हणून सप्ताहात देवळाच्या भोंग्यालाही हीच बॅटरी लागायची. त्या वर्षी मी पाणी भरताना देवळाच्या पंचानं पाहिलं.

"काय घालायलास रं त्यात?"

"पाणी, अण्णा."

"तुझ्या हातचं? आन् ही बॅटरी देवापुढं ठिवायची व्हय?"

"मग नका नेऊ."

तरी नेलीच. देवळामागं उलटी करून आतलं सगळं ओतून टाकलं, आडाचं ताजं पाणी भरलं, वरून हळदकुंकू वाहिलं. आत तेजाब असतं, ते गेलं की बॅटरी मेली. पण हे मला विचारायचं म्हणजे यांना कमीपणा! भोंग्यातून चकार शब्द निघाला नाही. ओतताना उडालेल्या शिंतोड्यांनी पंचाच्या नव्या धोतराची मात्र चाळण झाली.

आणि तक्रार कुणाविरुद्ध गेली? माझ्याविरुद्ध. नावाड्यानं बॅटरी बिघडवली, त्याला काढा! माझ्या अंगाची लाही लाही झाली. बीदरहून साहेब आले, झाकणं उघडून म्हणाले, "आतलं तेजाब कुणी ओतून टाकलं?" सगळा गाव नदीकडं बघत उभा. मग मीच पंचाकडं बोट दाखवलं आणि कामून ओतलं तेही सांगितलं. साहेब पोट धरून हसले. माझी नोकरी वाचली, नवी बॅटरीही आली, पण ते हसणं मला अजून खुपतं. त्यात हसण्यासारखं काय होतं?

पुढं एका बाजाराच्या दिवशी, सगळे काठावर खोळंबलेले असताना मी झाकणं उघडली आणि मुद्दाम सावकाश पाणी भरलं. मग मोठ्यानं म्हणालो, "ज्यास्नी इटाळ होतोय, त्यांनी पोहून जावं."

मांजरा दुथडी वाहत होती. तोच पंच सगळ्यांच्या आधी चढला, तुपाचा डबा मांडीवर घेऊन माझ्या शेजारीच बसला आणि म्हणाला, "चल की रं, उशीर व्हायलाय."