तीन मार्चचा खोटा वाढदिवस

एर्मिना रूबियोंला आमच्या काळ्या लोकांच्या ट्रेमे वस्तीत लहानथोर सगळे मिस एर्मिना म्हणत. सत्तरीची बाई. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे शर्ट धुतले, इस्त्री केले, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला उभा असलेला माणूसही मुकाट्याने टोपी काढी. तिचा धाकटा भाऊ अल्सीद बॅन्जो वाजवायचा. त्याच्या रेकॉर्ड निघाल्या, नाव झालं, मग तो वारला, आणि वारल्यावर आणखी मोठा झाला. मी साधा ट्यूबावाला, वस्तीच्या बँडबरोबर लग्नं आणि मयती वाजवणारा. पण अल्सीदच्या वाढदिवसाचा जो तमाशा झाला त्यात मी होतो, आणि आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

आम्हा वाद्यवाल्यांना तेव्हा एक खोड होती. आम्ही वय चोरायचो. नदीवरच्या बोटींना बँडसाठी वीस-एकवीसची पोरं हवी असत. अल्सीद पंचविशीला टेकला होता, त्याने एकवीस सांगितलं. तारीख विचारली तेव्हा कार्निव्हलच्या मंगळवारची ठोकून दिली, तीन मार्च १९०८. एकदा सांगितलं की ते मरेपर्यंत निभवावं लागे. म्हातारपणी कुणी टेपरेकॉर्डर घेऊन घरी आलं, तेव्हाही पठ्ठ्याने तेच सांगितलं. तो खरा जन्मला होता एकोणीस नोव्हेंबर १९०४ ला.

तीन-चार वर्षांनी असं काय बिघडतं? सांगतो. त्यांचे वडील ओनोरे १९०५ च्या सप्टेंबरात पीतज्वराने गेले. थडग्यावर तशी तारीख कोरलेली आहे, दर ऑल सेंट्सला, म्हणजे थडगी साफ करायच्या सणाला, मिस एर्मिना तिथे चुना लावायची. आता ज्याचा बाप १९०५ ला गेला, तो पोरगा १९०८ ला कसा जन्मला? गावातल्या संगीत-वारसा समितीने हा हिशेब केला आणि पुस्तिकेत छापून टाकलं: ‘आई सेलिमा, धोबीण. वडील अज्ञात.’

१९६८ साल होतं. तीन मार्चला अल्सीदच्या घरावर फलक लागणार होता, त्याचा साठावा वाढदिवस म्हणून. ती पुस्तिका हातात पडली तेव्हा मिस एर्मिना चुलीवर लाल घेवडा ढवळत होती. मला म्हणाली, “वाच बरं परत.” मी वाचलं. तिने पातेलं खाली उतरवलं.

“माझ्या आईने विधवा झाल्यावर दुसऱ्या पुरुषाला उंबऱ्याच्या आत पाय ठेवू दिला नाही. आणि हे मेले तिला भर रस्त्यात उभी करतात?”

ती चर्चमध्ये गेली. आमच्या लोकांच्या नोंदींची वही वेगळी असे, ती खालच्या कपाटात होती. त्यात स्वच्छ लिहिलेलं सापडलं: डिसेंबर १९०४, अल्सीद, ओनोरे आणि सेलिमाचा मुलगा, बाप्तिस्मा. पाद्र्याने सही करून उतारा दिला. तो घेऊन आम्ही दोघं समितीच्या अध्यक्षांकडे, मिस्टर हॅल्डन यांच्याकडे गेलो.

हॅल्डनने उतारा वाचला आणि हसला. समजूतदार हसणं होतं ते, मला त्याचीच चीड आली.

“हा आधीचा मुलगा असणार,” तो म्हणाला. “तो तान्हेपणीच गेला असेल, आणि पुढच्याला तेच नाव ठेवलं असेल. तुमच्या लोकांत असं पुष्कळदा व्हायचं.”

“कुठला आधीचा मुलगा?” मिस एर्मिना म्हणाली. “मी सहा वर्षांची होते. सुईणीला गरम पाणी मी नेऊन देत होते. माझ्या आईला पोरं दोन. एक मी, एक तो.”

“बाई, तुम्ही लहान होता. आमच्याकडे त्यांच्या स्वतःच्या आवाजातली टेप आहे.”

“तो खोटं बोलत होता!”

“स्वतःच्या वाढदिवसाबद्दल कोण खोटं बोलेल?”

अरे, नालायका! आमच्या वस्तीतलं शेंबडं पोरही याचं उत्तर देईल. पण तो वस्तीत कधी आलाच नव्हता, आमचं संगीत त्याने सगळं घरी बसून ऐकलेलं. एक मेलेलं बाळ त्याने खुर्चीत बसल्या बसल्या जन्माला घातलं आणि पुरलंही, पण समोर उभ्या असलेल्या बाईवर विश्वास ठेवणं काही त्याला जमलं नाही.

तीन मार्चला रविवार होता. वाजवायला आमचाच बँड ठरलेला. मिस एर्मिना चर्चमधल्या प्रार्थनेवरून थेट आली, पांढऱ्या कपड्यांत, आणि पहिल्या रांगेत बसली. हॅल्डनने वाढदिवसाची धून वाजवायला हात केला. आमचा म्होरक्या थिओफील याने कॉर्नेट खाली ठेवला आणि माईकपाशी गेला.

“तुमच्या पुस्तकात मी बासष्टचा आहे,” तो म्हणाला. “मी अडुसष्टचा आहे. बोटीवर खोटं सांगितलं होतं.”

क्लॅरिनेटवाला उठला. “मी पाच वर्षं चोरली.”

“मी तीन,” मी म्हणालो. माझी बायको समोर बसली होती, तिलाही ते तेव्हाच कळलं.

एकेक जण उठत गेला. नऊ माणसं, नऊ खोट्या तारखा. मग थिओफील म्हणाला, “अल्सीद आमच्यातलाच. त्याचा बाप ओनोरे रूबियों. सेलिमाबाई नवऱ्याच्या घरात बाळंत झाली. आता तुम्ही ते पुस्तक दुरुस्त करा, मग आम्ही वाजवतो.”

लोक हसले, टाळ्या पडल्या. हॅल्डननेही टाळ्या वाजवल्या. “काय गोड माणसं आहेत!” असं तो शेजारणीला म्हणाला, मी स्वतः ऐकलं. मग त्याने पडदा ओढला. फलकावर तीन मार्च १९०८ होतं. आम्ही वाजवलं नाही. त्यांनी रेकॉर्ड लावली, अल्सीदचीच.

मिस एर्मिनाने पुढे तीन वर्षं पत्रं लिहिली. समितीला, रेडिओला, वर्तमानपत्राला. प्रत्येक पत्रासोबत उताऱ्याची नक्कल. रेडिओवर तीन मार्चला शुभेच्छा येतच राहिल्या. एका पत्राला उत्तर आलं, त्यात तिने दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार मानले होते.

१९७१ च्या उन्हाळ्यात ती गेली. आम्ही तिला वाजवत नेलं आणि वडिलांच्याच थडग्यात, आईशेजारी ठेवलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. एर्मिना रूबियों, वय त्र्याहत्तर, ख्यातनाम बॅन्जोवादक अल्सीद रूबियों यांची सावत्र बहीण.