ऑपरेटरबाईंची माणसं

टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन चार महिने झाले, तोवर ऑपरेटरबाईंनी घरातलं एकही कपाट आवरायचं शिल्लक ठेवलं नव्हतं. शेवटी नवऱ्याने हात टेकले. "माझे मोजे कुठे आहेत ते हल्ली मलाच माहीत नसतं. तू बाहेर काहीतरी बघ बुवा." मग मुलीने एका संस्थेचा पत्ता आणून दिला. डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी तिथे पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत आणि त्यासाठी वाचणारी माणसं हवी होती.

पहिल्याच दिवशी बाई दीड तास बाकावर बसून राहिल्या. कुणी काय वाचायचं हेच ठरलेलं नव्हतं. शेजारी ड्यूटी संपवून थेट आलेली एक नर्स बसली होती. तिने तीनदा घड्याळ पाहिलं आणि चौथ्यांदा उठून निघून गेली. भिंतीवर चाळीस स्वयंसेवकांची नावं होती, नेमाने येणारे जेमतेम नऊ. सेक्रेटरी म्हणजे अगदी गरीब स्वभावाचा माणूस. म्हणाले, "हौसेनं येतात बिचारे, त्यांना बोलणार तरी काय?"

"बोलू नका. पण आलेल्या माणसाला ताटकळत तरी ठेवू नका," बाई म्हणाल्या.

सेक्रेटरींनी तिथल्या तिथे ती यादीच भिंतीवरून काढून त्यांच्या हातात दिली.

बाईंनी आठवडाभरात चाळीसही जणांना फोन केले. येत का नाही, असं त्यांनी कुणालाच विचारलं नाही. आला होतात तेव्हा काय झालं, एवढंच विचारलं, आणि माणसं भडाभडा बोलू लागली. कवितेची आवड असलेल्याच्या गळ्यात रसायनशास्त्र मारलं होतं. कुणाची खुर्ची इतकी कुरकुरायची, की प्रत्येक पान दोनदा वाचावं लागे. एकीने अख्खी कादंबरी वाचली होती, आणि ती कुणी ऐकली की नाही याचा तिला आजतागायत पत्ता नव्हता.

बाईंनी खुर्ची बदलली. ज्याची वेळ असेल त्याचं पुस्तक खूण घालून, पाण्याचा ग्लास भरून टेबलावर तयार ठेवू लागल्या. कुणाच्या घरी आजारपण असलं तर आपणहून सांगायच्या, "महिनाभर येऊ नका, तुमची जागा कुठे जात नाही." ऐकणाऱ्याचा निरोप आला, की तो वाचणाऱ्याला त्याच दिवशी कळवायच्या. नर्स परत आली आणि आपल्या दोन मैत्रिणींनाही घेऊन आली. वर्षाच्या आत येणाऱ्यांचा आकडा तिशीपर्यंत गेला.

अशात हेडसर आले. शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक, इस्त्रीचा सदरा, वेळेचे पक्के. उच्चार स्वच्छ, पण आवाज असा, की शेवटच्या बाकावरचा मुलगा दचकून उठावा. पंधरा दिवसांत फोन आला तो विणकाममावशींचा. या मावशींना दिसत नसे. दिवसभर यंत्रावर स्वेटर विणायच्या आणि विणता विणता पुस्तकं ऐकायच्या. "पुस्तक छान आहे हो," त्या म्हणाल्या, "पण हे वाचणारे माझ्यावर रागावलेत का?"

सेक्रेटरी घाबरले. "सरांना सांगायचं कसं? वयाने मोठे, मानी माणूस. आपण ते पुस्तक गुपचूप दुसऱ्याला देऊ."

"गुपचूप नको. त्यांना कळणारच, आणि मग जास्त लागेल," बाई म्हणाल्या. त्यांनी सरांना चहा दिला आणि सरळ सांगितलं, "सर, वाचता उत्तम. पण ऐकणारा कानाशी बसलेला असतो. थोडं हळू हवं."

सरांनी चहा अर्धा ठेवला. "चाळीस वर्षांत माझ्या आवाजाबद्दल तक्रार आली नाही."

"विद्यार्थी कुठे तक्रार करतात, सर?"

ते उठून गेले, ते दोन आठवडे फिरकले नाहीत. बाईंना रुखरुख लागली. बोललेलं चुकीचं नव्हतं, पण माणूस दुखावला होता. शेवटी त्यांनी फोन लावला.

"मला काढून टाकलंत ना?" सर म्हणाले.

"काढलेल्याला मी फोन कशाला करू? उद्या अकराला या. कुणीतरी भेटायला येणार आहे."

दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून गोधड्या लावलेल्या भिंतीशी, बाईंनी समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर विणकाममावशी, मांडीवर लोकरीचा गुंडा आणि यंत्र घरी म्हणून हातात सुया. सरांनी पुस्तक उघडलं आणि पहिलं वाक्य दणक्यात सुरू केलं. मावशींच्या हातून सुई पडली.

"सर," त्या हसत म्हणाल्या, "मी इथेच आहे."

सर थांबले. त्यांनी वाकून सुई उचलून दिली, आणि बहुधा पहिल्यांदाच ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. पुढचं वाक्य त्यांनी शेजारच्याशी बोलावं तसं वाचलं. त्यापुढचं आणखी मऊ. तास कधी उलटला ते दोघांनाही कळलं नाही. मावशींची बाही बरीच विणून झाली होती. निघताना त्या म्हणाल्या, "आता राग गेला म्हणायचा." सर इतके मोकळेपणाने हसले, की बाहेर सेक्रेटरींच्या जिवात जीव आला.

तेव्हापासून नव्या वाचकाला कुणालातरी समोर बसवून शिकवायचं काम सरांनी स्वतःकडेच घेतलं.

पुढच्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी बाई तीन आठवडे गावाला गेल्या. पहिले दोन दिवस फोन उशाशीच ठेवला. तो वाजलाच नाही. चौथ्या दिवशी त्यांना थोडं वाईटसुद्धा वाटलं. परत आल्या तेव्हा त्यांच्या टेबलावर नर्स बसून फोनवर कुणालातरी बजावत होती, "ताप आहे तर झोपा की, जागा कुठे जात नाही." आतल्या खोलीत सर एका नवख्या वकिलाला म्हणत होते, "हे कोर्ट नाही, हळू बोला."

सरांनी बाईंना पाहिलं आणि चष्मा वर केला. "तीन आठवडे गैरहजर. रजेचा अर्ज दिसला नाही आम्हाला."

"नातीला विचारा," बाई म्हणाल्या आणि पर्समधून फोटो काढला. काम थांबलं, सगळे टेबलाभोवती जमले. विणकाममावशींनी फोटोचं वर्णन नर्सकडून दोनदा करून घेतलं, आणि लगेच बाळाच्या टोपीचं माप विचारलं.