शेजारच्या काकांची वाइन

टाउनशिपमधल्या आमच्या शेजारच्या काकांनी फ्रान्सच्या ट्रेनिंगहून एक उंची रेड वाइन आणली होती. भोपाळच्या उन्हाळ्यात ते कूलर तिच्याकडे वळवत आणि स्वतः वर्तमानपत्राने वारा घेत. कुणी विचारलं की म्हणत, "मुरू दे अजून."

वीस वर्षांनी मुंबईच्या एका शौकिनाने तिला मोठी किंमत देऊ केली. सौदा ठरला. त्याच आठवड्यात काकू हॉस्पिटलमधून घरी आल्या. डॉक्टरांनी आशा सोडली होती.

"अहो, इतकी वर्षं मी तिची धूळ पुसली. चव तरी बघू द्या."

काकांनी मला हाक मारली आणि माझ्यासमोरच बूच काढलं. स्टीलच्या पेल्यातून घोट घेऊन काकूंनी तोंड वाकडं केलं.

"हा तर काढाच की हो!"

"मग अजून एक डोस घे," म्हणत काकांनी पेला पुन्हा भरला.