अवधेशकडे जेवण

माल्टा हे बेट टोकापासून टोकापर्यंत, पुण्यात धायरीहून वाघोलीला जावं, तेवढंच लांब आहे. एवढ्याशा जागेत माणूस हरवू शकत नाही, असं मी निघण्याआधी सोसायटीतल्या चार जणांना सांगून आलो होतो. (त्यांनी विचारलं नव्हतं.)

आमची मुलगी प्रज्ञा तिथे एका हॉस्पिटलात नर्स आहे. भूमध्य समुद्रातलं बेट; युरोपातली माणसं सुट्टी घालवायला येतात आणि लाल होऊन परत जातात. मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. कोरडे उन्हाळे, हिवाळ्यात पाऊस, ऑलिव्ह आणि द्राक्षं, हे फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं होतं की ते हवामान प्रत्यक्ष अंगावर आलं तेव्हा मला शिंकच आली, खडूच्या सवयीने. निवृत्तीनंतर प्रज्ञाने मला आणि सुमनला पंधरा दिवसांसाठी बोलावून घेतलं. विमानतळावरून घरी जाताना मी तिला रस्ते सांगत होतो. ती तिथे तीन वर्षं राहते आहे.

तिच्या वॉर्डात मारिया नावाची तिथलीच एक नर्स होती. सुमनची आणि तिची पहिल्या भेटीतच गट्टी जमली. सुमनचं इंग्रजी जेमतेम आणि मारियाचं भरधाव, त्यामुळे मतभेदाला जागाच नव्हती. मारियाने आम्हाला बुधवारी आपल्या आईकडे जेवायला बोलावलं. आई, रबात गाव, मोठं चर्च, एवढं मला समजलं. मध्ये ती दोन-तीनदा 'अवधेश, अवधेश' म्हणाली.

ती गेल्यावर मी सुमनला म्हटलं, "तिच्या भावाचं नाव अवधेश दिसतंय."

"मारियाचा भाऊ अवधेश कसा असेल?"

मग मी तिला समुद्री व्यापार समजावून सांगितला. माल्टाच्या भाषेत अरबी शब्द आहेत, इटालियन आहेत, जहाजांबरोबर नावंही फिरतात. सुमन "बरं" म्हणाली. पुण्यात 'बरं' म्हणजे होकार नसतो, चर्चा बंद असते. पण मला तो होकार वाटला. छत्तीस वर्षं वाटत आला आहे.

बुधवारी सकाळी मारिया सुट्टीवर होती आणि आम्हाला न्यायला मोटार घेऊन आली. मी मोटारीत बसायला नकार दिला. मोटारीतून प्रदेश दिसत नाही, मी लोकांच्या वाहनाने येतो, तुम्ही पुढे व्हा, असं सांगितलं. सुमनने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. प्रज्ञा ड्युटीवर निघाली होती. तिने जिन्यातून सांगितलं, "बाबा, फेरी घ्या, उतरलात की बस घ्या आणि रबातला उतरा. चर्चसमोर बारा वाजता. फोनवर नकाशा लावून देऊ का?"

आयुष्यभर पोरांना नकाशे वाचायला शिकवलेल्या माणसाला हे विचारलं गेलं. मी चालू लागलो.

घराखालीच फेरीबोटीचा धक्का होता. दहा मिनिटांत बोट पलीकडच्या किनाऱ्याला लागली. तिथे बस उभी होती, बसवर 'रबात' लिहिलं होतं. बाराला पाच मिनिटं कमी असताना मी चर्चसमोर उभा होतो. फेरी झाली, बस झाली, रबात झालं, चर्च झालं. फक्त सुमन नव्हती.

सव्वाबाराला मी फोन केला. "कुठे राहिलात तुम्ही?"

"आम्ही कधीच्या आलोय," सुमन म्हणाली. "चर्चसमोर उभ्या आहोत."

"मीसुद्धा चर्चसमोर उभा आहे."

"मग दिसत का नाही? हात वर करा."

मी हात वर केला. एका जर्मन कुटुंबाने उलट हात हलवला.

"घंटा ऐकू येतेय का तुला?" मी विचारलं. माझ्या डोक्यावर घंटा दणदण वाजत होती.

"कसली घंटा? इथे सगळं शांत आहे."

मी तिला पुण्याला गेल्यावर कान तपासून घे म्हटलं. मग ठरलं की मी चर्चला उजवीकडून चक्कर मारायची आणि तिने डावीकडून, म्हणजे कुठेतरी गाठ पडेल. मी चार चकरा मारल्या. चौथ्या चकरेला ते जर्मन कुटुंब माझ्याकडे न पाहण्याची काळजी घेत होतं.

इथवर मी फक्त चिडलेला होतो. पण सुमनचा पुढचा फोन आला आणि तिचा आवाज मऊ होता. "अहो, घाबरू नका हं. आहात तिथेच थांबा." सुमन माझ्याशी इतक्या मऊ आवाजात एकदाच बोलली होती, माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा. माझे थोरले भाऊ शेवटची दोन वर्षं आपल्याच दारात उभं राहून घर शोधायचे. तिला काय वाटतंय ते माझ्या लक्षात आलं.

पाठोपाठ प्रज्ञाचा फोन. वॉर्डातला आवाज. "बाबा, तुमचं पूर्ण नाव सांगा."

"वेड लागलंय का तुला?"

"नाव सांगा बाबा."

सांगितलं. फेरीने आलात का, हो. बसने का, हो. आता कुठे आहात, रबातला, चर्चसमोर.

"आज वार कोणता?"

"मंगळवार," मी म्हणालो.

(सुट्टीत वार कोण लक्षात ठेवतो? पण हा युक्तिवाद मला फोन ठेवल्यावर सुचला.) प्रज्ञाने हळूच सांगितलं की जवळ कोणी माणूस असेल तर त्याला फोन द्या. समोर कॉफीचं दुकान होतं. त्याचा मालक माझ्याच वयाचा, टकला. तो प्रज्ञाशी बोलला, बोलता बोलता माझ्याकडे पाहत गेला. मग त्याने मला सावलीत बसवलं, पाण्याचा ग्लास दिला आणि मी उठून जाऊ नये म्हणून माझ्यासमोर आडवी खुर्ची लावून तिच्यात स्वतः बसला.

खरं सांगायचं तर तेव्हा मला भीती वाटली. सगळे एकाच गोष्टीवर ठाम असले की माणूस स्वतःला तपासायला लागतो. मी मनात कृष्णेच्या उपनद्या म्हणून पाहिल्या. वेण्णा, कोयना, वारणा, पंचगंगा, आणि पुढची आठवेना. पुन्हा पहिल्यापासून म्हटल्या. पुन्हा पंचगंगेशीच अडलो. पोरांना ज्या उत्तरासाठी मी अर्धा मार्क कापायचो ते माझ्यापाशी नव्हतं.

मालक मला बोलतं ठेवायला लहान मुलाशी बोलावं तसं इंग्रजीत, सावकाश आणि मोठ्याने विचारत होता. कुठून आलात? इंडिया. बायको कुठे आहे?

"अवधेशकडे," मी म्हणालो.

तो थांबला. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग तो असा हसायला लागला की आतून त्याची बायको बाहेर आली. तिला सांगितल्यावर तीही हसली. शेवटी त्याने कागदी रुमालावर दोन बेटं काढली, एक मोठं, एक लहान. मोठ्यावर बोट ठेवून म्हणाला, रबात, तुम्ही इथे. मग लहान बेटावर बोट ठेवून म्हणाला, इथेही रबात. त्या बेटाला बाहेरचे लोक गोझो म्हणतात, तिथले लोक आउदेश. तिकडे जायची फेरी वेगळी, थेट बेटाच्या दुसऱ्या टोकाहून.

गोझो मला माहीत होतं. मी ते नकाशात भरायला द्यायचो. बुधवार पेठ पुण्यात आहे, सोलापुरातही आहे, हेही मी वर्गात हसत हसत सांगायचो.

प्रज्ञाला कळवलं. ती म्हणाली, "बाबा, मी वॉर्डात हसू शकत नाही. ठेवते."

बस, मोठी फेरी, मध्ये निळंशार पाणी. त्याकडे मी पाहिलं नाही. बचावाचं भाषण तयार करत होतो. (पंचगंगेनंतरची येरळा बोटीवर आठवली. सांगायला कोणी नव्हतं.) चार वाजता गोझोच्या धक्क्यावर उतरलो तर समोर सुमन, मारिया, मारियाची ऐंशीची आई आणि शेजारपाजारचे सात-आठजण. म्हातारीने माझ्यासाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावली होती. तिचे डोळे पाणावलेले होते.

मी भाषणाला तोंड उघडलं. सुमनने माझा कोपर धरला. "आज वार कोणता?"

"बुधवार."

तिने श्वास सोडला. मग मारियाकडे वळून आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "नो सिक. ऑलवेज लाइक धिस."

मारियाने ते आपल्या भाषेत आईला सांगितलं. म्हातारीने छातीवर क्रॉसची खूण केली आणि सुमनला काहीतरी विचारलं. लग्नाला किती वर्षं झाली, असा तो प्रश्न होता.

"छत्तीस," सुमन म्हणाली.

म्हातारीने मला बाजूला सारलं आणि सुमनला बराच वेळ पोटाशी धरून ठेवलं.