भिंतीतून येणारी हुलसूरची गाडी

फोन आला तेव्हा मी खटकचिंचोळीला एका हळदीच्या कार्यक्रमात म्हशीचा आवाज काढायले होते. हसू नका, माझा धंदाच तो हाय. हळद, बारसं, शाळेचं गॅदरिंग, जिथं माईक तिथं मी. म्हशीनंतर बसच्या कंडक्टरची नक्कल करायची होती, तेवढ्यात फोन थरथरला. बाबांचा. कार्यक्रम चालू असताना बाबा कधी फोन करत न्हाईत, म्हणून माईक नवरदेवाच्या हातात दिला आन् मंडपामागं गेले. बाबा म्हणले, "अगं... अण्णा गेले."

कोणते अण्णा, हे मला आधी कळलंच न्हाई. आमच्याकडं दर दुसरा माणूस अण्णा. किराणावाले अण्णा, दूधवाले अण्णा, तलाठ्याचे अण्णा. मी विचारलं बी, "कोणते?" बाबा गप्प. त्या गप्प बसण्यावरून कळलं. बाबांचा सख्खा थोरला भाऊ. कानडीत वडलांच्या थोरल्या भावाला म्हणतात तसं आम्ही त्यांना दोड्डप्पा म्हणायचो. बाबा मात्र त्यांना 'पलीकडचे' म्हणायचे. "पलीकडच्यांकडं पाहुणे आलेत." "पलीकडच्यांचा नळ चालू राहिलाय." घर एक, मधी भिंत, भिंतीपलीकडं राहतात म्हणून पलीकडचे. 'अण्णा' हा शब्द मी पाचवीत असताना बाबांच्या तोंडून गेला होता, तो त्या दिवशी परत आला. दुपारी जेवून दोड्डप्पा "जरा पडतो" म्हणले आन् उठलेच न्हाईत. त्याला आता दीड महिना होईल.

भांडण कशाचं म्हणाल तर त्या भिंतीचंच. आजोबांच्या मागं घराचे दोन सारखे भाग करायचे ठरलं. मधली भिंत दोड्डप्पांनी स्वतः उभं राहून बांधून घेतली. बाबा म्हणले, भिंत चार बोटं माझ्या अंगावर आलीय. दोड्डप्पा म्हणले, दोरी धरून बांधलीय, एक सूत बी इकडंतिकडं न्हाई. "म्हंजे मी खोटं बोलतो?" "म्हंजे मी चोर?" झालं. चार बोटांवरून अकरा वर्षं. लग्नाकार्यात दोघं दोन पंगतीला जेवायचे.

दोड्डप्पांचं बसस्टँडजवळ मोटार वाइंडिंगचं दुकान. आख्ख्या तालुक्यातल्या विहिरीच्या, बोअरच्या जळक्या मोटारी त्यांच्याकडं. जुनी तार काढायची, नवीन गुंडाळायची, फेरे मोजायचे. सहाशे म्हणजे सहाशे. मधी कुणी बोललं तर हात वर करून थांबवायचे. पाच वर्षांमागं ते सामान आणायला हैदराबादला गेले आन् जुन्या बाजारातनं वीतभर लांबीचं रेल्वेचं एंजिन घेऊन आले. हुबेहूब खऱ्यासारखं, पण आतली मोटार जळलेली. जळकी मोटार बघून या माणसाला दम निघतोय का? भिंग लावून, केसासारखी तार घेऊन चार दिवस बसले. पाचव्या दिवशी चाकं फिरली. दोड्डव्वा, म्हणजे माझी थोरली काकू, म्हणली, "आता ह्याला पळवणार कुठं?"

तिथून सुरू झालं सगळं. बिदर जिल्ह्यातल्या आमच्या हुलसूरला रेल्वे न्हाई. तालुका झाला, ऑफिसं आली, पाट्या आल्या, रेल्वे आली न्हाई. दोड्डप्पांना याचा जुना राग. "सरकार आणंना, मग मीच आणतो की," म्हणले आन् मागच्या खोलीत भिंतीकडंनं प्लायवूडचा लांब ओटा घातला. त्यावर रूळ, त्यावर हुलसूर स्टेशन. झाडं सगळी जळक्या मोटारींच्या तांब्याच्या तारेची. पिळून पिळून बुंधा, उकलून फांद्या, वर हिरवा रंग दिलेला लाकडाचा भुसा. रुळाखालची खडी दोड्डव्वाच्या चहाच्या गाळणीतून चाळलेली, त्यामुळं त्या घरात दोन महिने चहा दाताखाली लागायचा. घाटातली लाल दरड म्हणजे बिदरचा लाल दगड खलबत्त्यात कुटलेला. स्टेशनच्या बोर्डावर 'हुलसूर' वर कानडीत, खाली देवनागरीत. "हिंदी बी झालं, मराठी बी झालं, रंग वाचला." फलाटावर भिंतीला लावायच्या पुट्टीची, बोटाच्या पेराएवढी माणसं. त्यात मी बी हाय, तोंड उघडलेली. "मिटलेलं करा की," म्हणलं तर म्हणले, "बघितलंच न्हाई कधी मिटलेलं, करू कसं?"

कुणी त्याला खेळणं म्हणलं की त्यांना राग यायचा. या वेडाचा दुसरा एकच माणूस त्यांना ठाऊक होता, बिदरला मैलूरमधले खाजासाब. घड्याळं दुरुस्त करतात. त्यांचं स्टेशन एका लोखंडी पेटीत मावतं. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन. हालहवाल न्हाई, सलाम न्हाई, थेट, "क्या जी, कित्ता हुआ?" आन् हे सांगायचे, "अकरा झाडं, सहा खांब." पलीकडून "हौ" यायचं, फोन बंद. एकदा खाजासाबनी हुलसूर स्टेशनसाठी बायकांच्या मनगटी घड्याळाची चालू तबकडी पाठवली. स्टेशनच्या दारापेक्षा घड्याळ मोठं! एरवी एक खांब केसभर उंच झाला तर कापणारे दोड्डप्पा, त्यांनी ते घड्याळ तसंच बसवलं. "दोस्तानं दिलंय, त्याला माप न्हाई."

पण गाडी एका जागी अडायची. खोलीच्या एका टोकाला ती छान गोल वळून यायची, दुसऱ्या टोकाला मात्र वरून जिना उतरलाय. तिथं दीड हात जागा, आन् गाडीला वळायला लागते दुपटीपेक्षा जास्त. त्याहून आवळून वळवली की डबे रूळ सोडायचे. म्हणून दोन वर्षं हुलसूरची गाडी जिन्यापर्यंत जायची, थांबायची आन् उलटी यायची. वळायला एकच जागा होती. भिंतीपलीकडं, आमच्या खोलीत.

एक दिवस दोड्डप्पा मला म्हणले, "तुझ्या बापाला विचार, दोन भोकं पाडू देतो का. गाडी एका भोकातनं तुमच्यात येईल, अर्धा गोल फिरंल, दुसऱ्या भोकातनं माघारी. थांबायची बी न्हाई तिथं."

मी तो निरोप दोड्डप्पांच्या आवाजात दिला. आधी घसा खाकरला, मग तसंच जड, ओढत. बाबांचा घास हातातच राहिला.

"तुझ्या आवाजात बोल की."

"मग मजा न्हाई बाबा."

"न्हाई म्हणून सांग त्याला."

ते 'न्हाई' मी बाबांच्या नाकातल्या आवाजात पलीकडं नेलं. दोड्डप्पा डोळे मिटून ऐकायले. मग म्हणले, "अजून एकदा म्हण." मी म्हणलं. "अजून एकदा." नकार तीनदा ऐकणारा माणूस मी तेवढाच बघितला. मग चार महिने माझी ये-जा. इकडचा आवाज तिकडं, तिकडचा इकडं. मधी मी पदरचं घालायचे. एकदा बाबांच्या आवाजात म्हणलं, "कृपया त्रास देऊ नये." दोड्डप्पा म्हणले, "साकु गं, साकु. बास कर. तुझा बाप जल्मात कुणाला कृपया म्हणला न्हाई."

शेवटी बाबा आपल्या आपणच बोलले. संध्याकाळी दिवाणावर चहा पीत बसले होते, भिंतीपलीकडं गाडी गेली, थांबली, उलटी आली. बाबांनी कप ठेवला. "सात येळा गेली आन् सात येळा माघारी आली. रोज ऐकायलोय मी. डोकं उठलं. पाड म्हणावं भोकं!"

आता भोकं बरोबर रुळासमोर यायची तर दोन्ही बाजूंनी माप पाहिजे. दोड्डप्पा आमच्यात येणार न्हाईत, म्हणून टेप घेऊन मी. आकडे सांगितले. त्यांनी वहीत मांडले, परत मांडले, मला परत पाठवलं. तिसऱ्या वेळेला बाबा म्हणले, "कामून सारखी मोजायलीस? घर इकायलाय का?" त्या दिवसानंतर पलीकडं गाडीचा आवाजच बंद. आठ दिवस. रविवारी खाजासाबचा फोन आला, "कित्ता हुआ?" दोड्डप्पा म्हणले, "काय बी न्हाई." मला वाटलं, माझंच काही तरी चुकलं. गेले विचारायला. त्यांनी वही पुढं सरकवली. त्यांची खोली, भिंत, आमची खोली, सगळ्याची बेरीज, मग निम्मं. खाली एकच ओळ. भिंत चार बोटं त्याच्याकडं.

"लोकांच्या मोटारीचे फेरे मोजून देतो मी," म्हणले, "आन् ही भिंत मोजली न्हाई. दोरी धरली होती ना. दोरीच तिरकी होती."

"मग सांगा की बाबांना. मी सांगू? तुमच्या आवाजात?"

"न्हाई. हे तुझ्या तोंडून नगं."

"मग तुमी सांगा."

"जीभ उचलत न्हाई गं त्याच्यापुढं..."

मला पहिल्यांदा विनोद सुचला न्हाई. सांगावं तर बाबा इतक्या वर्षांचं सगळं काढणार, भोकं बी राहून जाणार, गाडी बी. न सांगावं तर हा माणूस त्या भिंतीला हात लावणार न्हाई.

नवव्या दिवशी पलीकडून ड्रिल सुरू झालं. बाबांनी आपल्या हातानं दिवाण सरकवला, प्लास्टिक अंथरलं, पडलेली माती सुपलीत भरली आन् कुणी विचारलं नसताना म्हणले, "कचरा माझ्याच घरात पडायलाय, म्हणून." आमच्या बाजूला फळी ठोकली, त्यावर अर्धा गोल रूळ मी नेऊन बसवला. संध्याकाळी सहाला भोकातून आधी उजेड आला, मग एंजिन, मग दोन डबे, मागं मालाची एक उघडी वाघीण, काडेपेटीएवढी. गाडी मधोमध थांबली. वाघिणीत घडी केलेला कागद.

बाबांनी चष्मा लावला. मी मागून वाचलं. "भिंत चार बोटं तुझ्या अंगावर हाय. मोजली. चूक माझी."

बाबांनी कागद उलटा केला, खिशातला पेन काढला, लिहिलं. "माहीत हाय. राहू दे." वाघिणीत ठेवला. गाडी सोडा म्हणून सांगायचं कसं? बोलायचं तर न्हाई. त्यांनी भिंतीवर दोनदा टकटक केलं. गाडी निघाली, दुसऱ्या भोकात शिरली. खूप वेळानं पलीकडून दोड्डव्वाचा आवाज आला, "काय झालं ओ? डोळ्यात भुसा गेला का?"

त्यानंतर दोन वर्षं एक दिवस चुकला न्हाई. सहाला दोड्डप्पा भोकाकडं वाकून विचारायचे, "सोडू का?" बाबा दोनदा टकटक करायचे. गाडी यायची. येताना सुपारीचं खांड, भाजलेले दोन शेंगदाणे. जाताना बाबा बीपीची गोळी ठेवायचे. दोघांना गोळी एकच, आजोबांकडून आलेली इस्टेट, आन् दोड्डप्पा ती घ्यायला हमखास विसरायचे. वाघिणीत आली की घ्यायचे. डॉक्टरपेक्षा गाडी मोठी. गावात कुणी म्हणलं, "मग, भाऊ भाऊ बोलायलात म्हणं?" तर बाबा म्हणायचे, "बोलत न्हाई. लाईन क्लिअर देतो." खरंच, समोरासमोर ते कधीच बोलले न्हाईत. पण मला निरोप न्यायला कुणी बोलवंना झालं. माझा तेवढा धंदा बसला.

आमच्यात बसवून पुरतात, तसं दोड्डप्पांना मातीत बसवून आलो. महिनाभर ओट्यावर चादर होती. भेटायला आलेल्या एका पाहुण्यानं सल्ला दिला, "ती भोकं आता बुजवून घ्या, उंदरं येतील." बाबांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं चहा अर्धा सोडला.

मग एका रविवारी दोड्डप्पांच्या फोनवर खाजासाब. मी उचलला. नेहमीसारखं थेट, "क्या अम्मा, कित्ता हुआ?"

"बंद हाय चाचा."

"बंद नक्को रखो. तेल जम जाता."

त्याच संध्याकाळी मी चादर काढली. भुसा झटकला, रूळ पुसले, वाघीण शेवटी लावली. सहाला, स्टेशनच्या त्या मोठ्या घड्याळात बघून, दोड्डप्पांच्या खुर्चीत बसले. घसा खाकरला. त्यांचा आवाज काढून म्हणलं, "सोडू का?"

टकटक आलं न्हाई. मला वाटलं, आगाऊपणा झाला. आता बाबा ओरडणार. उठणार तेवढ्यात भोकातून बाबांचा आवाज.

"चुकलीस. शेवटी 'रं' राहिला."

"न्हाई बाबा, मी मागंच उभी असायचे की. 'सोडू का', एवढंच."

"तू मागं होतीस. तो भोकाला तोंड लावून म्हणायचा. हळू." मग बाबांनी खाकरलं, आन् पलीकडून, जड, ओढत आलं, "सोडू का... रं?"

मी आजवर शंभर माणसांचे आवाज काढलेत. असा एक बी न्हाई. स्वयंपाकघरातून दोड्डव्वा सवयीनं ओरडली, "चहा होऊ द्या आधी!"

थोड्या वेळानं मी माझ्या बाजूनं दोनदा टकटक केलं आन् खटका फिरवला. गाडी गेली, तिकडं जरा थांबवली, मग माघारी आली. वाघिणीत गोळी. दोड्डव्वा चहा घेऊन दारात उभी. तिनं कप ठेवला, गोळी उचलली, तोंडात टाकली आन् चहाचा घोट घेतला.

"बघायलीस काय? मला बी हीच हाय. रोज पाठव म्हणावं."

मी सांगायच्या आत भिंतीवर दोनदा टकटक झालं.