बोटीचं लायसन आन उभं पोहनं

आमच्या घरान्यात पोहता न येनारा मी एकटाच. धिवराच्या घरी जन्मलो. बाप डोंगा चालवे, दोघं भाऊ जाळं टाकत, आन मले बापानं लहानपनीच ओळखलं. म्हने, "हा पान्यात कामाचा नाई, याले बाजारात बसवा." तवापासून मी मासोळीच्या टोपल्यापाशी. लगन झाल्यावर बैल घेतले, बंडी हाकू लागलो. नदी घरापासून हाकेवर, पन तिचा माहा संबंध हातपाय धुन्यापुरता.

मंग गावातल्या मासेमारीच्या संस्थेनं मोटरबोट आनली. शिवरात्रीले समोरच्या काठावर मार्कंड्याच्या मंदिरापाशी यात्रा भरते, लोकाइले नदीत चक्कर मारून आनायची, दोन पैसे भेटतीन. पन बोट चालवाले लायसन लागते. सभा बसली. सगळे पोहनारे, सगळे दमदार, पन एकजन उठून म्हने, "यात्रेच्या वक्ताले गावात राहनार कोन हाय? आमी तं मिरची तोडाले तेलंगनात."

सगळ्याइनं माह्याकडं पाह्यलं. माहे बैल होते ना, बैलं टाकून मी कुठी जानार? माह्या बैलाइनं मले बोटीचा ड्रायव्हर केलं.

घरी आलो तं छाती फुगवून. बायको भाकर टाकून राह्यली होती. सांगितलं. तिनं तव्यावरची भाकर पलटवली आन म्हने, "तुमी?"

बस, एवढंच.

आता तिचं माहेर नेमकं समोरच्या काठावर. सासूनं चूल पेटवली का धूर मले अंगनातून दिसते. आतापर्यंत बायको माह्या भावाच्या डोंग्यात बसे, चुटकीसरशी माहेरी. मोटरबोट आली आन भावानं डोंगा इकला. तं आता माहेरी जायचं माह्याच बोटीनं. बायकोनं पिशवी घेतली आन निघाली यष्टीनं! सावली, तिथून गडचिरोली, तिथून चामोर्शी, पुढं कोनाची गाडी भेटन ते. सकाळची निघालेली बाई दुपार कलल्यावर तिथी पोचली, जिथला धूर घरून दिसते.

दुसऱ्या दिवशी सासूचा फोन. "जवाई, बोट चालवता म्हने तुमी?"

म्हनलं, "हो ना मामी."

"मंग आमची पोरगी यष्टीनं काऊन आली?"

मी म्हनलं आवाज कटून राह्यला, आन फोन ठेवून देल्ला.

बायको परत आली तवा म्हनलं, "काऊन व, एवढा का भेव माहा? सासरवाडीत माही काय इज्जत राह्यली?"

बायको म्हने, "लायसन आना. सरकारनं म्हनलं का ह्या मानसाच्या बोटीत बसा, तं मी बसीन. यात्रेच्या दिवशी आईच्या दारापुढं उतरीन. पन आधी लायसन."

झालं. आता लायसन बोटीसाठी नाई, बायकोसाठी आनायचं होतं.

शिकवाले बोटीच्या कंपनीचा एक पोरगा आला. मोटर बोटीच्या मांगं, तिले एक दांडा. दांडा डावीकडं लोटला का बोट उजवीकडं जाते. बंडीचं असं नाई. बंडीत जिकडचा कासरा ओढला तिकडं बैल. मी आपला सवयीनं डावीकडं जाले दांडा डावीकडं ओढला, बोट निघाली उजवीकडं, जिथी बाया कपडे धून राह्यल्या होत्या. पोरगा ओरडे, "बंद करा, बंद करा!" आन मी दोन्ही हातानं दांडा धरून ओरडलो, "हो रे, हो, हो!"

बैल असता तं थांबला असता. बोट धुन्याच्या गोट्यावर चढली. एक म्हातारी लुगडं पिळता पिळता म्हने, "चारा पाहून आली का गा हे?"

पुढं घरी सराव. मले वाचता येत नाई, म्हनून बायको नियमाचं पुस्तक वाचे आन मी खाटेवर बसून मुसळ फिरवो. मुसळ म्हनजे मोटरचा दांडा. ते म्हने, "समोरून बोट आली." मी मुसळ लोटो. ते म्हने, "मेले सगळे." मंग पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीनंतर परीक्षा आली तवापर्यंत खाट बरोबर चालवाले लागलो होतो.

परीक्षेले साहेब आले, चांगला मानूस, अंगावर कडक इस्तरी. सगळं गाव काठावर. बोट चालवून दाखवली ते ठीक झाली, कोनाच्या अंगावर गेली नाई. मंग साहेबानं तोंडी इचारलं.

"समोरून दुसरी बोट आली तर काय कराल?"

"साहेब, ह्या नदीत दुसरी बोटच नाई."

"समजा आली."

"तं पाहीन कोनाची हाय."

साहेबानं घाम पुसला. "बरं. बोट बुडायला लागली. पहिलं काम कोणतं?"

आता हे उत्तर मले पाठ होतं. आधी सवाऱ्याइचे जाकीट पाहा. खाटेवर कितीक खेपा सांगितलं होतं. पन साहेबासमोर तोंडातून खरं निघालं. "बायकोले आवाज देईन."

काठावरचं सगळं गाव हासलं. साहेब हासले नाई. म्हने, "आता पोहून दाखवा. त्या खुंटापर्यंत."

मी तयारी करून ठेवली होती. आदल्या दिवशीच बांबू टाकून पाह्यला होता, खुंटापर्यंत पानी छातीच्या वर नाई. हाफ पॅन्टवर उतरलो, गुडघे वाकवले, मुंडकं तेवढं पान्याच्या वर ठेवलं, आन निघालो. खाली पाय चालून राह्यले, वर हात पोहून राह्यले. पानी असं उडवलं का साहेबाच्या इस्तरीवर शितोडे गेले. मले तं मंधात वाटलं का मले खरंच पोहता येते.

तेवढ्यात पायाले शिंपला रुतला.

मी थांबलो. उभा राह्यलो. एक पाय उचलला, शिंपला काढला, पाह्यला, फेकला. आन पुन्हा पोहाले लागलो.

साहेब म्हने, "हे काय केलं?"

"शिंपला होता साहेब."

"तुम्हाला पोहता येतं का?"

"आमच्याकडं असंच पोहते साहेब. उभ्यानं."

साहेबानं गावाकडं पाह्यलं. "येतं का यांना पोहता?" आमचं गाव चांगलं हाय, बाहेरच्यापुढं आपल्या मानसाचं नाक कापत नाई. एक म्हातारा आभाळाकडं पाहू लागला, दुसरा बिडी शोधू लागला. आन मागून बायकोचा आवाज आला.

"नाई येत साहेब. मले येते. म्हनून हा बुडला का मलेच काढा लागन. संग सवाऱ्या असल्या तं मी कोनाकोनाले काढू?"

नापास.

मी घरी पोचाच्या आधी माहा व्हिडिओ सासरवाडीत पोचला होता. सासूचा फोन आला. नुसती हासे.

मी बायकोसंग बोलनं बंद केलं. तिनं ते ध्यानातही घेतलं नाई. दुसऱ्या दिवशी सकाळी कुडकुडत्या थंडीत मले उठवलं, बीसाठी ठेवलेले दोन सुके भोपळे माह्या पाठीवर बांधले आन नदीवर नेलं. म्हने, "पडा."

"मरीन ना व!"

"मी हाय ना इथी. पडा."

पडलो. रोज सकाळी पडलो. ते कमरेवर पदर खोचून पान्यात उभी राहे, माह्या पोटाखाली हात धरे आन ओरडे, "पाय मारा, पाय! मुसळ नाई ते!" बंडीवाले काठावर बंडी थांबवून पाहत. एक म्हने, "बापा, तीन भोपळे तरंगून राह्यले." पुढं तिनं एक भोपळा सोडला. मंग दुसरा सोडला, आन मले सांगितलंच नाई. खुंटापाशी पोचलो तवा पाह्यलं का भोपळे तिच्या हाती.

साहेब पुन्हा आले. ह्या खेपेले त्याइनं खोल जागा दाखवली. पोहलो. हात कुठी, पाय कुठी, पन आडवा पोहलो. साहेब म्हने, "सुंदर नाही, पण पोहणं आहे." पास.

लायसन आलं. बायकोनं त्याच्यावर पन्नी चढवून आनली, दोनदा वाचलं, माहा फोटू पाह्यला, म्हने, "भेलेले दिसता." आन आपल्या पिशवीत ठेवलं.

यात्रेच्या दिवशी, पहिली चक्कर घराची. बायको नवं लुगडं नेसून, जाकीट घालून, समोरच्या फळीवर बसली. बसली! समोरच्या काठावर सासू डोळ्यावर हात धरून पाहून राह्यली. मी दोर ओढला, मोटर सुरू झाली, आन आमी निघालो. माही छाती जाकिटात मावत नव्हती. मी सासूकडं पाह्यलं, बायकोकडं पाह्यलं, सगळीकडं पाह्यलं. नदीकडं तेवढं पाह्यलं नाई.

नदीच्या मंधात बोट रेतीवर चढली. खर्र करून बसली ते बसलीच.

म्हनलं, "पुस्तकात लिवलं हाय ना, बोट सोडाची नाई."

"मंग बसा तुमी," ते म्हने. लुगडं खोचलं, पिशवी डोक्यावर घेतली, आन उतरली. पानी तिच्या पोटऱ्याइपर्यंत. चालू लागली माहेरी.

मीही जाकीट काढून उडी मारली, बोट लोटतो म्हनून. पन दुसऱ्या अंगानं मारली, आन तिकडं डोह होता. गेलो बुडाशी. वर आलो तं पाय मारून राह्यलो होतो. तिनं मांगं पाह्यलं, थांबली. पाह्यलं का मी पोहून राह्यलो, तं पुन्हा चालू लागली.

काठावर सासू उभी. पोरगी चालत आली, जवाई पोहत आला, आन बोट मंधात एकटी. सासूनं कमरेवर हात ठेवले. "जवाई, बोट कोनाची हाय ते?"

मी निथळता सदरा पिळाले लागलो. तं बायकोच म्हने, "माह्या मानसाची हाय वो आई. अर्धी नदी बसून आली मी. उरलेली अर्धी जातानी बसीन."

सांजच्याले चार मानसाइनं बोट सुटी करून काठाले आनून बांधली. मी म्हनलं, आता हे यष्टीचा टाइम इचारन. पाह्यलं तं ते बोटीत जाऊन बसलेली. पिशवी मांडीवर, जाकीट घातलेलं. म्हने, "चला ना, काय पाहून राह्यले?"

दोर ओढला, मोटर अशी गरजली का मंदिरापाशी लोकं वळून पाहू लागले. पानी उडालं, धूर निघाला, आन बोट जागच्या जागी. सासू काठावरून ओरडली, "जवाई, खुंट्याले बांधली हाय ते, सोडा ना आधी!"

सगळा काठ हासला. मी खाली उतरून दावं सोडाले लागलो, गाठ सुटे ना.

बायकोनं कपाळावर हात मारला. पन उतरली नाई.